एक वीत खाली

"थांब!" बाबा ओरडला, आणि समुद्र थांबला.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. अख्ख्या वस्तीने पाहिलं. दुपारची मोठी भरती होती आणि बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. बायका पोरांना कडेवर घेऊन उभ्या, म्हातारे काठ्या टेकून उभे, शेडमध्ये कोळंबी सोलणाऱ्या पोरी हातमोजे न काढता तशाच धावत आलेल्या. समोर खाडीच्या तोंडाशी लोखंडी खांब, खांबावर लाल रेघ, आणि रेघेखाली पाणी चढत चाललेलं. चढता चढता ते रेघेच्या एक वीत खाली आलं, तसा बाबा मचाणावर ताठ उभा राहिला आणि हातातली काठी त्याने समुद्रावर रोखली.

"थांब म्हणतो ना! कुणाच्या दारात येतोस? कुणाला विचारलंस? एक वीत सोडून उभा राहा! माझी एक वीत!"

थोडा वेळ गेला. आणखी थोडा गेला. पाणी एक वीत खालीच.

"बघा, कसा कान पाडून उभा आहे," बाबा म्हणाला. "याच्यापेक्षा कुत्रं परवडलं. ते निदान गुरगुरतं तरी."

लोक हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम करू लागले. माझ्या शेजारी भोंगेवाला उभा होता. धोका झाला की हाताने भोंगा फिरवायचा हे त्याचं काम.

"बारक्या, आता माझ्या भोंग्याचं रे काय करायचं?"

"कबुतरं पाळ त्यात," मी म्हणालो.

मी हसलो खरा, पण नजर टेम्पोकडे गेली. माझ्या टेम्पोची चाकं बांधाच्या आतल्या बाजूला उभी होती, आणि त्या चाकांखालची माती सकाळी कोरडी होती ती आता ओली झाली होती.

आमची वस्ती कशी वसली आहे ते कळल्याशिवाय ही लबाडी कळायची नाही. भरतीच्या पाण्यापेक्षा आमची जमीन खाली आहे. गल्लीत उभं राहिलं तर बांधापलीकडचा समुद्र तुमच्या डोक्याच्या वर असतो, फक्त दिसत नाही. बाहेर पडायला एकच रस्ता, आणि तोही मध्ये खोलगट. पाणी फार चढलं की बांध फुटायच्या आधी तो रस्ता बुडतो. आजोबांच्या वेळी एकदा असंच झालं. रस्ता बुडाला, मग बांध गेला, आणि निम्मी वस्ती गेली. आजोबा वाचले, आजी नाही.

त्यानंतर एक इंजिनियर आला आणि आजोबांसारख्या वस्तीतल्या जाणत्या माणसांबरोबर बसला. त्यांनी मिळून हिशेब केला की सगळी वस्ती, म्हाताऱ्या आणि बाळंतिणींसकट, वरच्या गावातल्या शाळेत पोचायला किती वेळ लागतो. पाणी चढायचा वेग धरला. आणि बांधाच्या माथ्यापासून बरीच खाली, खांबावर लाल रेघ मारली. रेघ बुडाली की निघायचं. विचार नाही, चर्चा नाही. रेघ बुडाल्यापासून रस्ता बुडेपर्यंतचा वेळ आपला. त्या रेघेत आमचा सगळा वेळ साठवलेला होता.

रेघ आमच्या बोलण्यात मुरली. समुद्र रोजच भयंकर दिसतो, म्हणून आईबाप पोरांना शिकवायचे, "समुद्राकडे बघू नका, रेघेकडे बघा." गुत्त्यावर बसलेल्या नवऱ्याला बायको दारातून हाक मारायची, "बुडाली का रेघ? चला घरी." कुणाचं भांडण हातघाईवर आलं की लोक म्हणायचे, "आता रेघ बुडणार, बाजूला व्हा."

आणि प्रत्येक घराच्या दारामागे एक गाठोडं. प्लॅस्टिकमध्ये कागदपत्रं, औषधं, कोरडे कपडे, बॅटरी, आणि एक शिट्टी. शिट्टी अशासाठी की अडकलं तर वाजवायची, म्हणजे होडीवाल्याला कळतं माणूस कुठे आहे. आम्ही अडाणी नव्हतो हो. एवढी तयारीची वस्ती तुम्हाला शोधून सापडायची नाही. दर खेपेला माझा टेम्पो चार फेऱ्या करायचा, न चालणारी माणसं वर पोचवायचा, आणि एकही माणूस मागे राहायचा नाही.

हेच शेठच्या डोळ्यांत खुपत होतं.

कोळंबीची शेड शेठची. रेघ बुडाली की शेड रिकामी. बर्फ वितळायचा, माल सडायचा, आणि शेठ शाळेच्या पायरीवर येऊन डोकं धरून बसायचा. बहुतेक वेळा बांध टिकायचा, लोक परत यायचे, आणि शेठ म्हणायचा, "बघा, काही झालं नाही. उगाच पळता." त्याला कोण सांगणार की पळालो म्हणूनच काही झालं नाही!

त्या वर्षी पावसाळ्याआधी शेठला उदारपणाचा झटका आला. खांब गंजलाय म्हणाला. त्याची माणसं आली, भोवती ताडपत्री बांधली, आत ठोकठाक केली. ताडपत्री निघाली तेव्हा खांब पांढराशुभ्र, रेघ ताजी लालभडक, आणि रेघेखाली खांबाभोवती जुन्या टायरांचं जाडजूड कडं. होड्या आपटून खांब वाकू नये म्हणून, असं शेठने सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

मग कुठूनसा हा साधूबाबा आला. त्याला मचाण शेठनेच बांधून दिलं.

बाबाचा पहिला हुकूम, खांबाजवळ होडी न्यायची नाही. "रेघेला सावलीसुद्धा चालत नाही." दुसरा हुकूम गाठोड्यांचा. मचाणावरून तो एकेका बाईला बोट दाखवून विचारायचा, "तुझ्या दारामागे काय आहे गं? गाठोडं? म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही! एका हाताने माझे पाय धरतेस आणि दुसऱ्या हाताने पळायची तयारी? जा, सोड ते!"

आणि लोकांनी सोडली. वर्षानुवर्षं बांधलेली गाठोडी लोकांनी आपल्या हातांनी सोडली.

*

बाबाने समुद्र थांबवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून वारा सुटला. रेडिओवर वादळाचं सांगत होते. वरच्या गावातून कचेरीचा शिपाई आला, "निघा" म्हणाला. लोकांनी त्याला बांधावर नेलं, रेघ दाखवली, आणि परत पाठवलं.

मी ताईच्या घरी गेलो. ताई माझ्यापेक्षा मोठी. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी तिला दिवस गेले होते आणि आता कधीही बाळंत होईल अशी अवस्था होती. दाजी शेडमध्ये मुकादम. माणूस वाईट नाही, पण शेठ म्हणेल ती पूर्व दिशा. आत खाटेवर दाजींच्या आई. त्यांना आम्ही सगळे मावशी म्हणायचो. गुडघ्यांनी त्यांना कधीच दगा दिला होता; उचलूनच न्यावं लागायचं.

खाटेच्या पायाशी फरशीच्या फटीतून पाणी बुडबुडत होतं. बांधाखालून झिरपून आलेलं, खारं. ताई भिंतीला टेकून, पोट सावरत, ते फडक्याने टिपत होती. टिपायची, पिळायची, परत टिपायची.

"ताई, ऊठ. टेम्पो दारात आहे."

"रेघ बुडाली?"

"रेघ जाऊ दे खड्ड्यात. खाली बघ ना तुझ्या!"

"ओल आहे रे. दर पावसाळ्यात येते."

"ओल बुडबुडत नाही, ताई."

दाजी दारात उभे होते. "बारक्या, हिला घाबरवू नकोस. आज शेडमधून एक माणूस निघाला तर शेठ उद्या मला उभं करणार नाही. आणि मीच बायकोला पळवलं तर लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, शहाणा आहे."

"रेघ वर आहे ना? तुझ्या आजोबांनीच शिकवलं ना, समुद्राकडे बघू नका म्हणून? मग?"

हेच तर सगळ्यात भयंकर होतं. आम्हाला खोट्या देवाने नाही, आमच्याच खऱ्या शिकवणीने बांधून घातलं होतं.

"गाठोडं कुठाय?" मी विचारलं.

"सोडलं," ताई खाली बघत म्हणाली. "मावशींच्या गोळ्या तेवढ्या फडताळात ठेवल्यात."

"आणि शिट्टी माझ्या खिशात," दाजी ओशाळं हसले. "फेकवेना. बाबाला नको सांगू."

मावशी खाटेवरून म्हणाल्या, "अरे, मला बुडबुड ऐकू येतेय. पण मी बोलले तर म्हणतात म्हातारीला चळ लागला."

मी ताईचा हात धरून ओढला. तिने सोडवून घेतला. "बारक्या, एवढ्या वर्षांनी झालंय. बाबाने डोक्यावर हात ठेवलाय. निघाले आणि काही कमीजास्त झालं, तर सगळे माझ्याच नावाने बोटं मोडतील. रेघ बुडू दे, मी सगळ्यांच्या आधी टेम्पोत बसेन."

मी बाहेर आलो आणि टेम्पोच्या दारावर लाथ मारली. दुसरं काय करणार होतो?

*

बांधावर दुपारची गर्दी जमली होती. वारा असा की बोललेलं तोंडातून निघालं की पळत होतं. पाणी काळपट, फुगलेलं. खांबावर रेघ एक वीत वर, आणि लाटांबरोबर ती किंचित खालीवर होत होती.

"बघा!" बाबा मचाणावरून ओरडला. "रेघ श्वास घेतेय! जिवंत झाली रेघ!"

लोकांनी हात जोडले.

शाळेतल्या बाई माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. आमच्या वस्तीच्या शाळेत त्या बरीच वर्षं आहेत. अंगाने भरलेल्या, आवाज खणखणीत. वरच्या गावात राहतात, पण त्या दिवशी पोरांना सोडून गेल्या नव्हत्या.

"बारक्या, लोखंड श्वास घेतं का रे?"

"बाबाचं घेतं."

"चेष्टा पुरे. वर बघ."

"कुठे वर?"

"रेघेच्या वर. सगळे रेघेखाली बघतायत म्हणून म्हणते. खांबाच्या टोकाला दिवा आहे ना, होड्यांसाठी लावलेला? दिवा आणि रेघ यांच्यामध्ये किती जागा होती, आठव. माझी पोरं चित्रात खांब काढतात तेव्हा लाल रेघ मधोमध काढतात आणि दिवा पार आभाळात."

मी बघितलं. दिवा आणि रेघ यांच्यामध्ये पूर्वी एक माणूस उभा राहिला असता. आता मांजर बसलं असतं तर त्याची शेपटी रेघेवर लोंबली असती.

"खांब खाली गेला?" मी म्हणालो.

"खांब कुठे जातोय? रेघ वर आलीय."

आणि मग सगळं एकामागून एक दिसत गेलं. एवढं पाणी चढलं, तरी टायरांचं कडं बुडालेलं नव्हतं. कसं बुडेल? ते तरंगत होतं. म्हणूनच पाणी नेहमी एक वीत खाली. पायऱ्यांवर नाही, बांधावर नाही, कुठेच नाही. फक्त तिथेच एक वीत. मी मागे वळून बांधाचे दगड बघितले. पाणी माथ्याच्या खाली हातभरसुद्धा नव्हतं. सगळे त्या पाण्याच्या शेजारी उभे होते आणि दूरच्या खांबाकडे बघत होते.

मी ओरडलो, "अरे, पायाखाली बघा! पाणी बांधाला लागलंय! रेघ खोटी आहे!"

कुणीतरी माझी कॉलर धरली. "रेघ खोटी? तुझ्या आजोबांनी मारलेली रेघ खोटी?"

"याला आवरा," बाबा वरून म्हणाला. "याच्या शंकेने पाणी चढतंय. मी एका हाताने समुद्र धरलाय, दुसऱ्या हाताने याला धरू का?"

दोन-चार जण माझ्यावर आले. बाईंनी मध्ये पडून खणखणीत आवाजात विचारलं, "बाबा, तुमची शक्ती खरी आहे ना?"

"शंका आहे?"

"मुळीच नाही. मग आम्ही दोघं जाऊन रेघेला नुसता हात लावून येतो. समुद्र धरलाय तुम्ही, आमच्या हाताने काय होणार?"

"हात झडेल!"

"झडू दे. डाव्या हाताने लावते, खडू उजव्या हाताने धरते."

एक-दोघं हसले. हसण्याने माणसाची पकड सैल होते. माझी कॉलर सुटली. आम्ही बांधावरून घसरतच तिथे बांधलेल्या एका होडीत उतरलो. बाई होडीवाल्याची मुलगी. वल्ही बाईंनीच धरली, मी पाणी उपसत राहिलो. मागून दगड आले. एक माझ्या खांद्याला लागला. लाटा होडीला खेळण्यासारखं फेकत होत्या, आणि माझ्या मनात एकच, ताई फडकं पिळत असेल.

खांबाशी पोचलो. मी दोर टाकून होडी अडकवली आणि टायरांच्या कड्यावर पाय ठेवला. कडं दबलं. पण रेघ पुरती बुडेना.

"बाई, या!"

"मी? उलटं होईल रे."

"व्हायलाच हवं!"

बाई आल्या. "आयुष्यात पहिल्यांदा माझं वजन कामी येतंय," म्हणाल्या आणि दोन्ही पाय कड्यावर ठेवून खांबाला मिठी मारली.

रेघ पाण्याखाली गेली.

बांधावरून असा आवाज आला की वाऱ्यालाही तो पळवता आला नाही. बाई होडीत उतरल्या, मी उतरलो, आणि रेघ डुलत डुलत परत वर आली. एक वीत. पुन्हा आम्ही चढलो, पुन्हा बुडाली. पुन्हा उतरलो, पुन्हा वर. सगळ्या वस्तीच्या देखत आम्ही ती रेघ बुचासारखी नाचवली.

खांबावर पत्र्याचं नळकांडं चढवलेलं होतं. खऱ्या खांबावरून मोकळं वरखाली सरकणारं, पांढरं रंगवलेलं, वर ही लाल रेघ. खाली त्याला टायर ठोकलेले. ओहोटीला ते एका खिळ्यावर टेकून जागच्या जागी राहायचं, म्हणून कुणाला संशय आला नाही. पाणी तिथपर्यंत चढलं की टायर उचलले जायचे आणि रेघ पाण्याबरोबर वर. मी चाकूने टायर फाडला. आत थर्माकोल ठासून भरलेलं. ते लाटांवर उधळलं आणि वाऱ्याने बांधाकडे गेलं.

मी वल्हं उभं धरून खांबालगत पाण्यात खुपसलं. खरी रेघ मला दिसणार नव्हती, पण ती जिथे होती तिथला लोखंडी जोड मला माहीत होता. वल्हं जोडाला अडलं तेव्हा माझा हात कोपरापर्यंत पाण्यात होता.

बांधावर एक सोलणारी पोर पाण्यातून पांढरा तुकडा उचलून किंचाळली, "यावर आपल्या शेडचा शिक्का आहे! कोळंबीच्या खोक्यांचं थर्माकोल आहे हे!"

भोंगेवाला पळाला. भोंगा वाजला. आणि माझ्या आयुष्यात मी ऐकलेली सगळ्यात भयाण हाक सगळ्या वस्तीने एकदम दिली.

"रेघ बुडाली!"

अरे, बुडाली कधीचीच होती! सकाळीच बुडाली होती, ताई फडकं पिळत होती तेव्हाच. आमच्या आजोबांनी साठवून ठेवलेला सगळा वेळ त्या टायरांनी खाऊन टाकला होता.

*

मी टेम्पो ताईच्या दारात आणला तेव्हा गल्लीत पोटरीभर पाणी होतं. लोक घरात शिरत होते आणि गाठोड्याची जागा चाचपून रिकाम्या हाताने बाहेर येत होते. ताईच्या कळा सुरू झाल्या होत्या. दाजींनी तिला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. मागे बघता बघता माणसं भरली. शेजारची लंगडी म्हातारी, एक आजारी बाप्या, लहान पोरांच्या आया.

"मावशींना आणा," मी ओरडलो.

दाजींनी मागे बघितलं. तिथे एक मूलसुद्धा मावलं नसतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर शेठ नव्हता, बाबा नव्हता, काही नव्हतं. "तू हिला ने. आम्ही पुढच्या फेरीला येतो. तोवर आईला कौलांवर चढवतो."

"दाजी..."

"चार फेऱ्या करतोस ना नेहमी? जा!"

आम्ही वस्तीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा शेठची जीप आमच्या पुढे निघाली. आत दोनच माणसं. शेठ, आणि बाबा. मागची सीट रिकामी. आणि बाबाच्या मांडीवर गाठोडं होतं. घट्ट बांधलेलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, अगदी आमच्या पद्धतीचं.

खोलगट रस्त्यावर पाणी चाकांच्या वर आलं होतं. चालत निघालेली माणसं हातात हात धरून कंबरभर पाण्यातून साखळीने चालली होती, आणि बाई त्या साखळीच्या शेवटी. टेम्पो खोकत, बंद पडत, ढकलून घेत पलीकडे चढला. चढावर मी मागे वळून बघितलं. रस्ता नव्हता. पाणी होतं.

चार फेऱ्या व्हायच्या. त्या दिवशी एक झाली.

ताई शाळेच्या व्हरांड्यात, दोन बाकं जोडून केलेल्या आडोशात बाळंत झाली. मुलगी. तिचं रडणं थांबलं की खालून शिट्टी ऐकू यायची. बारीक, थांबून थांबून. ताई म्हणायची, "ऐक, वाजतेय. वाजतेय ना बारक्या?" मी आणि दोन होडीवाले तीनदा पाण्यात घुसलो, तिन्ही वेळा लाटांनी आम्हाला चढावर आणून आपटलं. मग बांध फुटल्याचा आवाज आला.

त्यानंतर शिट्टी ऐकू आली नाही.

*

पाणी उतरल्यावर आम्ही पुष्कळांना शोधलं. पुष्कळ सापडले, कसे ते विचारू नका. दाजी आणि मावशी सापडले नाहीत.

बाबा पुढे पकडला गेला. आधी कुठल्याशा फिरत्या खेळात तंबूच्या दारात उभं राहून तिकिटं खपवायला ओरडायचा म्हणे. त्याच्या अंगात फक्त घसा होता. शेठ म्हणाला, मला काय माहीत, रंगाऱ्याने केलं असेल. त्याचा खटला चालू आहे आणि आम्ही तो सोडलेला नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आम्ही अजून शाळेतच राहत होतो. ताई मुलीला घेऊन भिंतीशी बसलेली असायची. खायची नाही, बोलायची नाही. एक दिवस एक बाई आली, ताईच्या जवळ सरकून बसली आणि म्हणाली, "पलीकडच्या गावात एक महाराज आहेत. परातीत पाणी घेऊन बघतात. तुझा नवरा जिवंत आहे म्हणाले. फक्त दिशा सांगायची राहिलीय. चल माझ्याबरोबर."

ताईचे डोळे असे उघडले की मला धडकी भरली. शाळेतल्या बाई पोरांना शिकवत होत्या, त्या थांबल्या. एवढं सगळं भोगून ही पुन्हा जाणार? आणि गेली तर तिला कुठल्या तोंडाने अडवणार? आशा होती ती. मलाही होती.

ताई मुलीला थोपटत राहिली. मग म्हणाली, "येते की. पण आधी एक काम कर. महाराजांना विचारून ये, माझ्या नवऱ्याच्या खिशात काय होतं. एवढं पाण्यात दिसतंय तर तेही दिसेल."

"अगं, अशी परीक्षा घेतलेली महाराजांना खपत नाही."

"हात लावलेला रेघेलाही खपत नव्हता," ताई म्हणाली. "विचारून ये. बरोबर सांगितलं तर या बाळंत अंगाने अनवाणी येईन."

ती बाई गेली. परत आली नाही. ताई त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने रडली, आणि मग जेवली.

वाचकहो, मी शिकलेला माणूस नाही, मला गोल गोल बोलता येत नाही. आम्ही अडाणी होतो म्हणून फसलो असं समजून हे मिटवून ठेवू नका. आमच्याकडे मोजमाप होतं, शिस्त होती, शिट्टीसुद्धा होती. आम्ही चुकलो एवढंच की मोजमापाची पूजा केली आणि त्याला हात लावायचं सोडलं. रेघ शहाणी नव्हती. रेघ मारणारी माणसं शहाणी होती, कारण ती दर वर्षी होडीने जाऊन ती तपासायची. तेव्हा जो कुणी म्हणेल, बघा पण जवळ येऊ नका; माना पण विचारू नका; विश्वास असेल तर गाठोडं सोडा; त्याच्या मांडीवर आधी बघा. त्याचं गाठोडं बांधलेलं असेल.

आम्ही नवी रेघ मारली आहे. एक नाही, खांबावर, बांधाच्या दगडावर, शाळेच्या भिंतीवर, प्रत्येकाच्या उंबरठ्यावर. पावसाळ्याआधी बाई सगळ्या पोरांना होडीतून खांबापाशी नेतात आणि एकेकाला तो ढकलायला लावतात. आमच्या बोलण्यातही फरक पडलाय. आता कुणी काही छातीठोकपणे सांगायला लागलं की आमच्यातलं लहान पोरसुद्धा विचारतं, "हलवून बघितलंस का?"

ताईच्या दारामागे पुन्हा गाठोडं आहे. त्यात मुलीचे कपडे आहेत आणि एक नवी शिट्टी. मुलगी आता ती वाजवायला शिकली आहे. ती वाजवते तेव्हा ताई हातातलं काम टाकून उभी राहते, आणि वाजवून होईपर्यंत तिला थांबवत नाही.